उजवा हात बधिर होणे

फॉर्मावरचं दहावं विधान असं होतं : 'कामाच्या ठिकाणी माझा एक जीवलग मित्र आहे.' त्याने लाल पेन उचललं, 'जीवलग'मधली दीर्घ वेलांटी खोडली, समासात ऱ्हस्व 'जि' काढला आणि फॉर्म परत पाठवून दिला. बाकीच्या विधानांत चूक नव्हती, म्हणून त्यांना त्याने हातही लावला नाही. तासाभराने मनुष्यबळ विभागातली मुलगी तोच फॉर्म घेऊन जिना उतरून खाली आली. 'कर्मचारी सहभाग सप्ताह' तिच्या गळ्यात पडल्यापासून सगळा छापखाना तिला सहभागबाई म्हणत असे, आणि तिलाही ते ठाऊक होतं. "काका, शुद्धलेखन नाही तपासायचं, उत्तरं द्यायचीत," ती म्हणाली. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन होते, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. एका चौकोनात खूण करायची, बस. नाव लिहायचं नाही, सगळं गुप्त. त्यावर तिचं तिलाच हसू आलं, कारण तपासणी विभागात आता तो एकटाच होता. विभागाची टक्केवारी एक तर शंभर नाही तर शून्य. सोमवारपर्यंत द्या म्हणाली, कोरा फॉर्म ठेवला आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, की जिवलग शब्दाचं बरं झालं, वर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

ती गेल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. मघाशी ते त्याच्या डोळ्यांतून सरळ हातात उतरलं होतं. वाक्य काही विचारतंय, हे त्याला कळलंच नव्हतं. त्याला वेलांटी तेवढी दिसली. असं त्याच्याकडून दुसऱ्यांदा झालं होतं. पहिल्यांदा झालं त्याला चार महिने होऊन गेले होते आणि त्याबद्दल जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला आता बोलता येत नव्हतं. त्याने पेन उचललं, वाक्यातला 'आहे' खोडला, आणि त्याच्या जागी काय लिहायचं ते न सुचून पेन तसंच धरून बसला. टेबलाच्या पलीकडून, मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रातल्या बाईने पुढची ओळ वाचली. त्याने यंत्र बंद केलं.

या तळघरातल्या खोलीत औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं तपासली जात. खिडकी होती, पण छताला लागून, आणि तिच्यातून फुटपाथवरून जाणाऱ्यांचे फक्त बूट आणि चपला दिसायच्या. काम दोघांचं. एकाने कंपनीकडून आलेली मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने जुळवून आलेल्या प्रुफावर बोट ठेवून ऐकत जायचं आणि जिथे ऐकलेलं दिसत नाही तिथे खूण करायची. राहिलेला शब्द घालायला ओळीत हंसपद, म्हणजे उलट्या व्ही-सारखी इवलीशी टोपी, आणि शब्द बाहेर समासात. जास्तीचा शब्द असेल तर त्यावर काट. आणि चुकून काट मारली, शब्द बरोबरच होता असं नंतर कळलं, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. ओळीने चार टिंबं म्हणजे 'राहू द्या'. हे सगळं त्याच्या बोटांत इतकं मुरलं होतं की एकदा बायकोच्या सामानाच्या यादीत त्याने दोन स्वल्पविराम घातले होते आणि बायकोने ती यादी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली होती. या कामाचा एक नियम असा की मूळ प्रत वाचणाऱ्याच्या हातात असते, म्हणून तो म्हणेल ते खरं. ऐकणाऱ्याने शंका काढायची नाही. शंका काढत बसलं तर दिवसाला चार पत्रकंसुद्धा व्हायची नाहीत.

एकोणीस वर्षं वाचणारे एकच होते. त्यांना सगळे वाचस्पती म्हणत. वाचताना विरामचिन्हंसुद्धा वाचावी लागतात, आणि ते ती अशी वाचत की जणू तीच औषधाची नावं आहेत. आवाज एकसुरी, पाण्याच्या नळासारखा, चढ नाही उतार नाही. "जेवणानंतर एक गोळी घ्यावी पूर्णविराम गरोदर महिलांनी स्वल्पविराम स्तनदा मातांनी." एकोणीस वर्षांत दोघं अहो-जाहोवरून खाली उतरले नाहीत. एकमेकांच्या घरी जाणं दोन-चारदा झालं असेल, तेही कुणाचं काही असलं तर. दोघांनी कधी मन मोकळं केलं नाही. म्हणजे आता हिशेबाला बसलं तर मित्र म्हणावं असं काय होतं? दिवसाचे सात तास एक आवाज कानात जात होता आणि त्यातलं एकही वाक्य त्या माणसाचं स्वतःचं नव्हतं. पण हेही तितकंसं खरं नाही. वाचस्पतींना एक खोड होती. त्याच आवाजात, त्याच चालीत, ते मधेच स्वतःचं काहीतरी घुसवून द्यायचे. "गोळी चावू नये पूर्णविराम साहेब जिन्यात आहेत स्वल्पविराम पाय खाली घ्या पूर्णविराम गोळी पाण्यासोबत गिळावी." त्याचं बोट ओळीवर थबकायचं, ऐकलेलं तिथे दिसायचं नाही, मग त्याला कळायचं आणि तो पाय खाली घ्यायचा. चेहरा दोघांचाही इस्त्री केल्यासारखा. वाचस्पतींच्या मुलीचं लग्न ठरलं हे त्याला खोकल्याच्या औषधाच्या मात्रेमध्ये कळलं होतं. त्याच्या आईच्या आजारपणात, "तुम्ही आज लवकर निघा स्वल्पविराम मी बघतो" हे मलमाच्या साठवणुकीच्या सूचनांत आलं होतं. त्यावर तो काही बोलत नसे. बोलायला गेलंच तर वाचस्पती टेबलावर तर्जनीने टिक टिक टिक टिक असं चारदा वाजवत. म्हणजे टिंबं. म्हणजे राहू द्या. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून सुरू झालेली ही खूण पुढे आभार, माफी, सांत्वन सगळ्याला चालू लागली. आणि हे सांगायला हवं की वाचस्पतींनी घुसवलेलं वाक्य त्याने कधी समासात घेतलं नाही. एकोणीस वर्षांत एकदाही तो फसला नव्हता. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि मनातल्या मनात तो तिलाच मैत्री समजत आला होता.

त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळीचं पत्रक होतं. दुपारचं जेवण झालेलं, खिडकीतून कुणाच्या तरी नव्या बुटांची करकर येत होती. वाचस्पती दुष्परिणामांच्या यादीवर आले. "डोके जड होणे स्वल्पविराम तोंडाला कोरड पडणे स्वल्पविराम पायांवर सूज येणे स्वल्पविराम." बोट चाललं होतं. "उजवा हात बधिर होतोय स्वल्पविराम." बोटाखाली 'भूक मंदावणे' होतं. त्याने हंसपद काढलं आणि समासात लिहिलं, 'उजवा हात बधिर होणे,'. लिहिताना अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. त्याने 'होतोय' ऐकलं आणि 'होणे' लिहिलं. यादीत सगळीकडे 'होणे, पडणे, येणे' चाललेलं असताना मधेच 'होतोय' कसं बसेल, म्हणून हाताने ते आपलं आपण सारखं करून घेतलं. औषधाला उजवं-डावं कळत नाही, हे त्याला सुचलं नाही. मान वर करून समोर बघावं, हेही सुचलं नाही. तो फक्त थांबला, कारण वाचस्पती थांबले होते. तेवढ्यात ते पुढे वाचू लागले, जरा सावकाश. मग शब्द मागेपुढे होऊ लागले. त्याने एकेक समासात घेतला. दोन ओळींत सहा दुरुस्त्या. अक्षरजुळणीवाल्याने आज काय दिवे लावलेत, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडी मजाही वाटली, कारण बऱ्याच दिवसांत इतक्या चुका सापडल्या नव्हत्या. पुढच्या अडीच रकान्यांचा समास लालीलाल झाला. शेवटी वाचस्पतींच्या तोंडून शब्दच येईनात, नुसतेच "स्वल्पविराम, स्वल्पविराम" येऊ लागलं, आणि तेव्हा कुठे त्याने मान वर केली. ते खुर्चीतून एका बाजूला, अगदी शिस्तीत, घसरत होते.

दवाखान्यात विचारलं, त्रास कधी सुरू झाला? तो म्हणाला, आत्ताच, साडेतीनला. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी साडेतीनलाच सुरू झाला होता. तिसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं प्रूफ परत आलं आणि वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याने मूळ प्रत स्वतः हातात घेऊन ताडून बघितलं. दुष्परिणामांच्या यादीत, नीट छापलेलं, स्वल्पविरामासकट, 'उजवा हात बधिर होणे,' असं होतं. मूळ प्रतीत ते नव्हतं, त्यापुढच्या लाल दुरुस्त्यांतलंही काही नव्हतं. त्याने पुन्हा पाहिलं. मग त्याने तो सगळा मजकूर काटला, खाली सही केली, आणि पहिलं प्रूफ, जे नियमाप्रमाणे पाच वर्षं दप्तरात राहायला हवं होतं, घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकलं. वाचस्पतींचा वेग त्याला पाठ होता. त्या ओळीपासून घसरेपर्यंत वीस मिनिटं. वीस मिनिटांनी काय फरक पडला असता, हे त्याने कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. आणि त्या क्षणापासून त्याला काही वाटेनासं झालं. वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला, पण वाईटही वाटेना. महिन्याभराने टेबलावर यंत्र आलं. त्यातली बाई न खोकता, न थांबता, विरामचिन्हांसकट वाचते, आणि कधीही स्वतःचं काही घुसवत नाही. पत्रकं दिवसाला दोनने वाढली. साहेबांनी वर बोलावून पाठ थोपटली, तर पाठीवर हात पडल्याचं त्याला दिसलं, जाणवलं नाही. घरी बायको म्हणायची, भिंतीशी बोलते त्यापेक्षा. एकदा त्याने उकळता चहा एका दमात पिऊन टाकला, तेव्हा ती घाबरून बघत राहिली. "चार महिने झाले, एकदा तरी जाऊन या त्यांच्याकडे," हे ती दर आठवड्याला म्हणायची आणि तो दर आठवड्याला हो म्हणायचा. जायला काय, तीन थांबे. पण दवाखान्याच्या जिन्यात वहिनींनी, म्हणजे वाचस्पतींच्या बायकोने, त्याला एक विचारलं होतं. "भाऊजी, शेवटचं काय बोलले हो ते? वाचा बंद व्हायच्या आधी?" तो म्हणाला होता, कामाचंच वाचत होते, वहिनी. तेही खोटं नव्हतं. खोटं न बोलता माणूस किती लांब जाऊ शकतो, याचा त्याला कधी अंदाज नव्हता.

शनिवारी अर्धा दिवस. खोडलेल्या 'आहे'चा फॉर्म खिशात होता. पिशवीत ते प्रूफ चार महिने तसंच होतं, डब्याच्या तेलाचा एक डाग पडलेलं. तिसऱ्या थांब्याला तो उतरला तेव्हा आपण ठरवून आलो की चुकून, हे त्याला सांगता आलं नसतं. दार वहिनींनी उघडलं. त्या वाळल्या होत्या. या म्हणाल्या, बसा म्हणाल्या, इतके दिवस का आला नाहीत असं काही म्हणाल्या नाहीत, आणि ते न म्हणणं त्याने बरोबर ऐकलं. वाचस्पती खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी नीट केलेली, उजवा हात मांडीवर दुसऱ्याचा असल्यासारखा ठेवलेला. त्याला पाहून त्यांचं तोंड एका बाजूने हललं. "स्वल्पविराम," ते म्हणाले. तोच आवाज, तसाच सपाट. वहिनी म्हणाल्या, तेवढाच एक शब्द उरलाय. पाणी हवं तरी तोच, नको तरी तोच. कळतं सगळं, डॉक्टर म्हणतात, पण शब्द सापडत नाहीत. मुलगी फोन करते, तिलाही तोच ऐकवतात, मग ती रडते.

चहा टाकता टाकता त्या बोलत राहिल्या, आणि बोलणं वळणं घेत घेत शेवटी जिथे यायचं तिथे आलं. स्वभावच असला, त्या म्हणाल्या. दुखलंखुपलं कधी सांगायचं नाही. ताप अंगावर काढायचा. त्या दिवशी काहीतरी झालंच असेल की आधी. हात जड झाला असेल, मुंग्या आल्या असतील. एकदम का कुणी पडतं? शेजारी माणूस बसलेलं, एकोणीस वर्षांचं, त्याला तरी सांगावं की नाही? "रोज विचारते मी यांना," त्या म्हणाल्या, "तोंडात तेव्हा तरी जीभ होती ना? भाऊजींना एक शब्द सांगितला असता तर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. रोज विचारून विचारून तो गुळगुळीत झाला होता. आणि खिडकीपाशी वाचस्पती डाव्या हाताच्या तर्जनीने खुर्चीच्या हातावर वाजवत होते. टिक टिक टिक टिक. "हे बघा," वहिनी म्हणाल्या, "मी बोलायला लागले की हे असं सुरू. ताटावर, पलंगावर, जिथे असेल तिथे. डॉक्टर म्हणाले, हाताला चाळा लागतो, लक्ष देऊ नका."

त्याच्या पुढ्यात चहा आला होता. त्याने कप उचलला, ओठाला लावला आणि खाली ठेवला. ओठ भाजला होता. भाजल्याचं कळलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर चार महिने जे यायचं राहिलं होतं तेही आलं. त्याला भीती वाटली, लाज वाटली, समोरच्या माणसाची इतकी कीव आली की बसवेना. चार महिने हा माणूस रोज तीच बोलणी खात होता, जी बोलणी त्याची नव्हती, आणि रोज एकच उत्तर देत होता, आणि ते वाचता येणारा माणूस तीन थांब्यांवर बसून औषधांचे स्वल्पविराम मोजत होता.

"चाळा नाही तो, वहिनी," तो म्हणाला. "टिंबं आहेत ती. आमच्या कामातली खूण. त्याचा अर्थ, राहू द्या." वहिनी चहाची गाळणी हातात धरून बघत राहिल्या. मग तो एका दमात म्हणाला, "आणि त्यांनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मी ते दुरुस्त केलं."

ते त्यांना कळलं नाही. कसं कळणार? त्याने पिशवीतून प्रूफ काढलं, टेबलावर पसरलं, तेलाचा डाग हाताने झाकायचा प्रयत्न केला, आणि सगळं सांगितलं. कोण वाचतं, कोण ऐकतं. मधे घुसवलेली वाक्यं. रक्तदाबाची गोळी. वीस मिनिटं. सांगताना त्याने स्वतःसाठी एकही सबब शोधली नाही, आणि शोधली असती तरी ती खोडून काढणारा पुरावा त्याच्यासमोरच लाल अक्षरात सुबक लिहिलेला होता. वाचस्पतींची खुर्ची जवळ ओढली. ते कागदावर वाकले. बोट आपसूक ओळीवर आलं, डाव्या हाताचं, अडखळत चाललेलं, 'पायांवर सूज येणे'पाशी थांबलं, तिथून समासाकडे गेलं. बराच वेळ ते तिथेच राहिलं. मग त्यांनी त्याच्या खिशातल्या लाल पेनाकडे पाहिलं. त्याने टोपण काढून पेन त्यांच्या डाव्या मुठीत दिलं. पहिलीतल्या पोराने काढावी तशी एक रेघ त्यांनी ओढली, वाकडी, समासातल्या 'होणे' या शब्दावरून. काट. 'उजवा हात बधिर'ला हात लावला नाही. मग पेन त्याच्यापुढे सरकवलं आणि वाट बघू लागले, जशी ते एकोणीस वर्षं बघत आले होते, त्याचं लिहून होईपर्यंत.

त्याने शेजारी लिहिलं, 'होतोय'. अक्षर सुबक आलं नाही.

"स्वल्पविराम," वाचस्पती म्हणाले. त्याने स्वल्पविराम दिला.

वहिनी पदराने टेबल पुसत होत्या, जिथे काहीच सांडलेलं नव्हतं तिथे. पुसता पुसता त्यांनी ती ओळ वाचली, ओठ हलवत, आणि नवऱ्याकडे वळल्या. "सांगितलं होतंत?" त्या म्हणाल्या. "मग मला का नाही सांगितलंत, सांगितलं होतं म्हणून?" हे विचारून झाल्यावर आपण काय विचारलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. वाचस्पतींचं बोट उचललं गेलं. पण या वेळी वहिनींनी ते वाजायच्या आत धरलं आणि धरूनच ठेवलं. तो निघताना त्या दारापर्यंत आल्या, चपला घालेपर्यंत उभ्या राहिल्या. "यायला चार महिने लावलेत, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. तो हो म्हणाला. पुढच्या शनिवारी येऊ का, असं त्याला विचारायचं होतं, पण हक्क उरलाय की नाही ते कळेना, म्हणून तसाच उतरला. दोन जिने उतरल्यावर वरून वहिनींचा आवाज आला, की शनिवारी जेवून येऊ नका.

सोमवारी सहभागबाई फॉर्म न्यायला आली तेव्हा यंत्र बंद होतं आणि तो खिडकीतले बूट बघत बसला होता. तिने उभ्या उभ्या फॉर्म चाळला. बाकीच्या विधानांपुढे खुणा होत्या, कुठे सहमत, कुठे नाही, जगातल्या कुठल्याही नोकरदाराच्या असतात तशा. दहाव्यापाशी ती अडली. 'पूर्ण सहमत'च्या चौकोनात खूण होती, पण वाक्यातल्या शेवटच्या शब्दावर लाल काट होती आणि काटलेल्या शब्दाखाली ओळीने चार टिंबं.

"काका, हा 'आहे' खोडलाय का ठेवायचाय?"

"राहू दे," तो म्हणाला.